दुहेरी गुलछबू

आमचे जालन्याचे घरमालक बाहेरून आले की पाय धुऊनच घरात शिरायचे. त्यात नवल काही नव्हतं, सगळेच धुतात. पण ते पाय मोरचुदाच्या पाण्यात धुवायचे. उंबऱ्याच्या अलीकडे एक दगडी डोणी होती, तिच्यात निळं पाणी कायम भरलेलं असे, आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या पाण्यातूनच जावं लागे. दूधवाली, न्हावी, उदबत्तीवाला, कुणालाही सूट नव्हती. वर्षानुवर्षं असं केल्यानं त्यांच्या पायांची नखं हिरवट-निळी पडली होती. गल्लीतली पोरं त्यांना पाठीमागून निळू म्हणत.

लग्न होऊन मी त्या घरात पहिल्यांदा आले तेव्हा अंगावर शालू होता. मालक दारात उभे होते. त्यांनी डोणीकडे बोट दाखवलं. मी शालूचे काठ घोट्याच्या वर धरून त्या निळ्या पाण्यात उभी राहिले आणि समोरच्या ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यांना मी त्याच दिवशी म्हटलं, दुसरी खोली बघा. हे म्हणाले, भाडं कमी आहे, माणूस वाईट नाही, सवय होईल.

हे जुन्या जालन्यातल्या एका शाळेत गणित शिकवायचे. निजामाचं राज्य होतं, पोलीस ॲक्शनच्या आधीची तीन-चार वर्षं. घर कुंडलिका नदीच्या बाजूला होतं, पुढच्या दोन खोल्यांत आम्ही आणि मागच्या सोप्यात मालक. ते दिवाणी कचेरीतून नाझर म्हणून निवृत्त झालेले. समन्स बजावणं, जप्ती आणणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ज्याच्या दारात ते उभे राहत त्याची भांडीकुंडी मागच्या दारानं शेजारी जात, आणि नोकरी सुटल्यावरही लोकांची ती भीती गेली नव्हती. सगळे त्यांना नाझरसाहेब म्हणत. बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं. मी त्यांना तोंडावर कधी काही म्हटलं नाही, पण मनात माझ्यासाठी ते फार दिवस तो डोणीवाला म्हातारा होते.

कचेरी त्यांच्या बोलण्यातून गेली नव्हती. वरण खारट झालंय असं हे म्हणाले तरी सोप्यातून आवाज यायचा, "पुरावा?" पाऊस येणार म्हणावं, शेजारणीला दिवस गेलेत म्हणावं, त्यांचा सवाल तोच. मीही मग चिडून एकदा वाटीभर वरण त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि गंभीरपणे म्हणाले, "दावा मंजूर."

फुलांशी मात्र त्यांचं काही बिनसलं होतं. देवाला ते फक्त तुळस वाहत. लग्नात हार पुढे आला की मागे सरत. शाळेच्या बक्षीस-समारंभाला यांनी त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. हार गुलछबूचा होता, ज्याला पुण्याकडची माणसं निशिगंध म्हणतात. मुख्याध्यापकांनी तो गळ्यात घालायला हात उचलले आणि नाझरसाहेब एक पाऊल मागे गेले, मग आणखी एक, आणि चौथऱ्यावरून खाली पडले. पोरं हसली. हे घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, पुन्हा याला कुठं बोलवायची सोय नाही.

आणि याच माणसाच्या परसात गुलछबूच्या पंधरा-वीस कुंड्या होत्या! एकाही कुंडीत धड झाड नव्हतं. पानं बुडाशी पिवळी पडून लोळत असत, गड्ड्याच्या मानेशी कापसासारखा पांढरा बुरसा, आणि परसात पावसाळाभर कुजका वास. आपण झाड जगावं म्हणून राबतो. ते मरावं म्हणून राबत. कुंड्यांवर ओली पोती घालत, आणि एखादं झाड तग धरून राहिलं तर खिन्न होत. कुणी भेटायला आलं की त्याला परसात नेऊन दाखवत. "या कुंडीत छान धरलाय," असं ते बुरशाबद्दल म्हणत. पाहुणा नाकाला उपरणं लावून माघारी फिरे. डोक्यावर परिणाम झालाय, असं गल्लीत सगळे धरून चालले होते. मीही.

आणखी एक गोष्ट लोक हलक्या आवाजात बोलत. महिन्या-दोन महिन्यांनी नाझरसाहेब इस्त्रीची शेरवानी घालून सकाळच्या गाडीनं परतूरला जात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. परतूरला त्यांचं नातं-गोतं कुणी नव्हतं. तिथं कुणीतरी बाई ठेवलेली आहे, असा लोकांचा तर्क. समोरच्या ओट्यावरच्या बायकांनी मला तो सांगितला, तेव्हा अशा माणसाच्या घरात राहतो याची मला इतकी लाज वाटली की मी काही दिवस नदीवर धुणं घेऊन जायचं टाळलं.

खरा प्रकार मला कळला तो मोहरीमुळे. म्हणजे मी मोहरी समजले त्यामुळे.

घरातली मोहरी संपली होती, वरण उतू जायला आलं होतं. सोप्याच्या कोनाड्यात एका वाटीत मोहरी दिसली. नाझरसाहेब घरात नव्हते. चिमूटभर घेतली तर काय बिघडलं, म्हणून घेतली आणि तेलात टाकली. तडतडलीच नाही. जुनी असेल म्हणून आणखी टाकली. ती तेलात नुसती काळी पडून बसली. मी तशीच वरणावर ओतली, यांनी भात कालवून खाल्लाही. तेवढ्यात नाझरसाहेब आले, कोनाडा बघितला, आणि डोणीत पाय न घालता सरळ आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. तसे ते कधी येत नसत.

"बाई, त्या वाटीतलं तुम्ही घेतलं?"

मी मान हलवली.

"पोटात गेलं तर काही होत नाही," ते यांना म्हणाले. "पण माझा तीन वर्षांचा पुरावा होता तो."

त्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हा दोघांना परसात नेलं. एका मेलेल्या गड्ड्याच्या भोवतीची माती बोटानं उकरली. पांढऱ्या बुरशीच्या तंतूंना बारीक दाणे लागले होते, काही पांढरे, काही तांबूस, काही अगदी मोहरीसारखे तपकिरी. ते म्हणाले, हेच या रोगाचं बी. बुरशी वाळून जाते पण हे दाणे मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि ओल मिळाली की पुन्हा उठतात. बैलाच्या खुरांतून, खुरप्याला चिकटून, पाटाच्या पाण्यातून, माणसाच्या पायाच्या मातीतून एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जातात. ते जुनी पिठाची चाळणी घेऊन माती चाळत आणि दाणे चिमट्यानं उचलून वाटीत जमवत. कशासाठी, ते त्यांनी मग सांगितलं. सांगताना ते आमच्याकडे बघत नव्हते.

नोकरी सुटण्याच्या सुमारास ते कामानिमित्त हैदराबादला गेले होते. तिथं एका जहागीरदाराच्या बागेत त्यांनी दुहेरी पाकळ्यांचा गुलछबू पाहिला. आपल्याकडे साधा, एकेरी. दुहेरी जालन्यात कुणी बघितलेला नव्हता. त्यांनी टोपलीभर गड्डे आणले. थोडे स्वतःला ठेवले आणि बाकीचे नदीपलीकडच्या माळ्यांच्या गल्लीत भागूबाईला दिले. भागूबाईच्या घरी गुलछबू तिच्या सासऱ्याच्या बापापासून. राजूरच्या गणपतीला चतुर्थीचे हार त्या गल्लीतून जायचे. साहेबानं स्वतः आणून दिलेला जिन्नस म्हणून तिनं तो सगळ्यात चांगल्या वाफ्यात लावला. पुढच्या पावसाळ्यात तो वाफा बसला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात निम्म्या गल्लीचे वाफे बसले. गड्डे हातात धरले की गळून चिखल व्हायचे.

गल्लीत ओरड झाली. कुणाच्या तरी हातून काहीतरी घडलंय, असं ठरलं. भागूबाईची सून गिरजा नवी होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती बाहेरची असताना वाफ्यात गेली, फुलांना विटाळ झाला, म्हणून मळा मेला, असं तिच्यावर आलं. तिला आष्टीला माहेरी घालवून दिलं. वर्षभरात तिच्या नवऱ्यानं, किसननं, दुसरी केली.

नाझरसाहेब म्हणाले, मी नंतर जाऊन त्यांना हे दाणे दाखवले. बाईचा दोष नाही, गड्डे रोगी होते, असं सांगितलं. सगळे व्हय साहेब, बराबर साहेब म्हणाले, आणि कुणी काही केलं नाही. तेव्हापासून ते पुरावा जमवत होते.

गड्डे रोगी आहेत हे त्यांना मागाहून कळलं, असं मी समजले. त्यांनी तसं म्हटलं नव्हतं. पण माझी तशी समजूत झाली आणि त्यांनी ती होऊ दिली.

त्यानंतर काही महिन्यांनी, जेठात, ते यांच्याकडे आले. मी त्या दिवशी बाजूला बसलेली होते, न्हाणीच्या शेजारच्या अंधाऱ्या बोळात, पोत्यावर. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, आपल्याकडे माझा एक अर्ज आहे.  मग त्यांनी सांगितलं ते असं. परसात दोन वाफे करायचे. गड्डे राजूरकडचे, निरोगी, दोन्हीकडे सारखे. एका वाफ्यात दाणे टाकायचे आणि त्याला ते स्वतः आंघोळ करून, सोवळ्यानं पाणी घालतील. दुसऱ्यात दाणे नाहीत, आणि त्याला पाणी घालायचं ते एखाद्या बाईनं, तिच्या चार दिवसांत. भागूबाई येऊन डोळ्यांनी बघेल.

हे एकदम उठले असावेत, कारण पाट सरकल्याचा आवाज आला. "माझ्या बायकोचे दिवस गल्लीनं मोजायचे का, नाझरसाहेब?"

बोळात बसल्या बसल्या माझे कान तापले. जी गोष्ट आईसुद्धा खुणेनं सांगायची, ती दोन पुरुष भिंतीपलीकडे वाफे आणि गड्ड्यांच्या हिशेबात बोलत होते. नाझरसाहेब माफी मागून निघून गेले. डोणीत पाय धुतल्याचा आवाज आला.

चौथ्या दिवशी न्हाणं झाल्यावर मी यांना म्हटलं, मी करते. मला कुणी धीट समजू नये. लहानपणापासून मला सांगितलेलं होतं की आपण शिवलो तर लोणचं नासतं, पापड लाल पडतात, तुळस जळते. मी शिवलेच नव्हते, त्यामुळे खरं काय ते मला ठाऊक नव्हतं. आणि गिरजा माझ्याच वयाची असावी. हे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग म्हणाले, तुझं तू बघ.

तो पावसाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. भागूबाई ठरल्याप्रमाणे यायची, परसाच्या दाराशी तंबाखू मळत बसायची. मी कळशी घेऊन वाफ्यात उतरले की तिची नजर माझ्या पाठीवर असे. समोरच्या ओट्यावर आता सगळं माहीत झालेलं होतं. नदीवर माझ्या धुण्यापासून बायका आपलं धुणं दूर सरकवत. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. माझा वाफा मेला तर? रोज सकाळी उठून मी आधी पानांची बुडं बघायची. एकदा एक पान पिवळं दिसलं. मी घाबरून ते खुडलं आणि पदरात लपवलं. ते नुसतं जुनं झालेलं होतं.

श्रावण निम्मा गेला तोवर नाझरसाहेबांचा वाफा आडवा झाला. रोज सोवळ्यानं पाणी घालून, मंत्र म्हणून. माझ्या वाफ्यातून दांडे वर आले, त्यांना कळ्या धरल्या.

भागूबाईला शेवटचं बोलावलं. ती दोन्ही वाफ्यांतून हिंडली. नाझरसाहेबांच्या वाफ्यातलं एक पान तिनं ओढलं, ते अलगद हातात आलं. बुडाशी ते दाणे होते. तिनं हात लुगड्याला पुसला. नाझरसाहेब शेरवानी घालून, कचेरीत उभे राहावं तसे उभे होते. त्यांचा दावा मंजूर व्हायचा होता.

"साहेब, येवढा खटाटोप कशापाई केला?" ती म्हणाली.

"तुमची खात्री पटावी म्हणून."

"आमची खात्री तवाच व्हती. तुमचे गड्डे ज्या वाफ्यात लावले तिथूनच रोग चालू झाला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच करून राह्यलो, आमाला दिसणार न्हाई का?" ती शांतपणे बोलत होती, भांडत नव्हती. "पर तुमचं नाव घ्यायाची आमची छाती न्हवती. किसनचा बांधाचा दावा तुमच्याच कचेरीत चालू व्हता. आन् गल्ली तर मला इचारून राह्यली, कुणामुळं झालं, कुणामुळं झालं. कुणाचं तरी नाव जल्दी घ्यावं लागलं. सून व्हती घरात."

नाझरसाहेब त्या वाफ्याच्या कडेला, चिखलात, शेरवानीनिशी खाली बसले. भागूबाई निघून गेली. हे शाळेतून आले तेव्हाही ते तिथंच होते. आम्ही दोघांनी त्यांना धरून उठवलं.

त्यानंतर त्यांनी परसातल्या सगळ्या कुंड्यांची माती भट्टीसारखा जाळ करून भाजून काढली आणि गड्डे जाळले. आठवडाभरानं यांना म्हणाले, मला आष्टीला जायचंय, बाई माझ्यासोबत येतील का. परक्या बाईशी मी एकटा जाऊन बोलणं बरं दिसत नाही. यांना रजा नव्हती. मला हे म्हणाले, एवढं केलंस तर हेही कर.

आष्टीसाठी परतूरच्या स्टेशनावर उतरलो तर तिथला हमाल त्यांना ओळखत होता. त्यानं सवयीनं फलाटाच्या टोकाचं बाकडं पुसून दिलं. नाझरसाहेब म्हणाले, आज नको, आज पुढे जायचंय. हमाल त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. तेव्हा मला उलगडलं. इतकी वर्षं ते आष्टीला म्हणून निघत होते, आणि या बाकड्यावर दिवसभर बसून संध्याकाळच्या गाडीनं परत येत होते. गाडीत मी त्यांच्यापासून अंग चोरून बसले होते, त्याची मला फार लाज वाटली.

आष्टीपर्यंत बैलगाडी केली. गिरजा भावाच्या घरी राहत होती. अंगणात मिरच्या निवडत बसली होती. काळीसावळी, रुंद कपाळाची, हात मिरच्यांनी लाल झालेले. भाऊ नाझरसाहेबांची शेरवानी बघून घाबरला आणि बाज टाकायला धावला. नाझरसाहेब बसले नाहीत. उभ्यानं त्यांनी सगळं सांगितलं, दुहेरी गुलछबू, बुरशी, दाणे, दोन वाफे. माझ्याकडे हात करून म्हणाले, या बाईंनी चार दिवसांत पाणी घातलं आणि वाफा फुलला. आपण निर्दोष आहात हे सिद्ध झालं.

गिरजानं हातातलं काम थांबवलं नव्हतं. ती म्हणाली, "तुमाला कधी ठावं झालं?"

"काय?"

"गड्डे रोगी हायेत हे."

मला वाटलं ते वर्ष सांगतील, पावसाळा सांगतील.  भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन आला, तो त्यांनी घेतला नाही.

"घेतानाच," नाझरसाहेब म्हणाले.

त्या हैदराबादच्या बागेतला माळी त्यांना म्हणाला होता, "साब, इस क्यारी के नक्को लेव, बीमार है." पण दुहेरी फक्त त्याच वाफ्यात होता. आणि जालन्याला जाऊन दाखवीन असं ते सोबतच्या कारकुनांना बोलून बसले होते. गड्डे वरून टपोरे दिसत होते. माळी म्हणतो म्हणून काय झालं, असं त्यांना वाटलं. वाफे बसले तेव्हा पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. गिरजाला गाडीत घालून नेली त्या दिवशी ते नदीच्या पुलावर उभे होते. त्यांनी ती गाडी जाताना बघितली होती.

मी खाली बघत होते. त्यांच्याकडे बघवेना आणि तिच्याकडेही बघवेना.

"हे तिथं सांगितलं का? गल्लीत?" गिरजानं विचारलं.

"नाही."

"मंग मला कशाला सांगून राह्यले? म्या काई केलं न्हाई हे मला ठावंच हाय." तिनं निवडलेल्या मिरच्या सुपात ओढल्या. "तिथं सांगा. म्या येते ऐकायला."

आणि ती आली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, भावाला घेऊन. त्या दिवशी माळ्यांची गल्ली भरलेली असते, राजूरला जाणारे हार ओवायला सगळे बाहेर बसलेले असतात. आता त्यांच्या मळ्यात जोंधळा होता, फुलं दुसऱ्या गावची विकत आणत होते. भागूबाई होती, किसन होता, त्याची दुसरी बायको कडेवर मूल घेऊन दारात होती. हे आणि मी नाझरसाहेबांच्या सोबत गेलो होतो. मला वाटतं आम्ही गेलो नसतो तर ते पुलावरूनच परत फिरले असते.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि बोलायला लागले. पण तोंडातून निघाली ती कचेरीची भाषा. सदर इसमास बागवानानं ताकीद दिलेली असताना सदर इसमानं रोगट गड्डे आणून या गल्लीत वाटले. सदर इसमास पूर्ण माहिती असूनही तो चूप राहिला आणि एका बेकसूर बाईवर आळ येऊ दिला. लोक हारातल्या सुया थांबवून ऐकत होते. काहींना कळत नव्हतं. एक म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, कुणावर दावा झाला?

गिरजा मागे भिंतीला टेकून उभी होती. "सदर इसम कोण?" ती म्हणाली. "नाव घ्या."

 आयुष्यभर नाझरसाहेबांनी दुसऱ्यांची नावं लोकांच्या दारात पुकारली होती. त्यांनी स्वतःचं नाव घेतलं, मग वडिलांचं, मग आडनाव, राहणार जुना जालना. पुकारा करावा तसं, मोठ्यानं. ते नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांनी ऐकायचं त्यांनी ते त्या दिवशी ऐकलं.

 किसन उठून घरात गेला. भागूबाईनं पुढ्यातली फुलं टोपलीत गोळा केली, पुन्हा सांडली, पुन्हा गोळा केली. मग ती गिरजाला म्हणाली, "बस, पाणी पी." गिरजा बसली नाही. म्हणाली, माझी लग्नातली भांडी द्या.

दुसऱ्या बायकोनंच ती आतून आणून दिली. हंडा, घागर, परात, दोन तांबे. हंडा चुलीवर वापरून वापरून बुडाशी काळाठिक्कर झालेला होता. भावानं घागर आणि परात घेतली, तांबे मी घेतले, आणि गिरजा हंडा उचलायला वाकली तर नाझरसाहेबांनी तो आधीच खांद्यावर घेतला होता. तिनं त्यांच्याकडे बघितलं. नको म्हणाली नाही, द्या म्हणाली नाही. चालायला लागली.

गल्लीतून पुलावर, पुलावरून बाजारातून स्टेशनापर्यंत आम्ही असे गेलो. पुढे ती, मागे खांद्यावर हंडा घेतलेले नाझरसाहेब. दुकानदार गादीवरून उठून बघत होते. कचेरीतला एक जुना शिपाई सलाम करून धावत आला आणि हंडा घ्यायला लागला. ते म्हणाले, राहू दे. मी त्यांच्या बरोबरीनं चालत होते. पहिल्यांदा निळ्या पाण्यात उभी राहिले तेव्हा जशी सगळ्यांची नजर अंगावर होती तशीच आताही होती, आणि मला पदर पुढे ओढावासा वाटला, पण दोन्ही हातांत तांबे होते.

पुढे रझाकारांच्या धामधुमीत आम्ही वऱ्हाडात गेलो. परत आलो तेव्हा नाझरसाहेब नव्हते. शेवटी कुणी जवळ होतं का, हे कुणाला नीट सांगता आलं नाही. मला आठवतात ते स्टेशनावरचे.

गाडी आल्यावर भावानं भांडी आत चढवली. गिरजा खिडकीशी बसली. नाझरसाहेब खिडकीखाली उभे राहिले. शेरवानीचा खांदा हंड्यानं काळा झाला होता. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, किंवा तिनं काही म्हणावं असं वाटत होतं. ती भांड्यांवरून नजर फिरवत होती, एकेक हातानं चाचपत होती.

"घागरीचं झाकण राह्यलं तिथंच," ती म्हणाली. "पितळेचं हाय. आईनं दिल्तं मला. तेवढं आणून द्या."

"देतो," नाझरसाहेब म्हणाले.

गाडी सुटली. हे टांगा बघायला गेले. टांगा आला तेव्हा मी नाझरसाहेबांना म्हटलं, चला, ऊन फार झालंय. त्यांच्याशी थेट बोललेलं माझं ते पहिलंच वाक्य असेल. ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं," आणि टोपी डोक्यावर ठेवून पायीच माळ्यांच्या गल्लीकडे निघाले, झाकण मागायला.